घरचं रसायन : हायड्रोजन पेरॉक्साइड आणि बाटलीवरचा आकडा



मागच्या अंकात खाण्याच्या सोड्याबद्दल लिहिलं आणि शेवटी विचारलं की पुढे काय वाचायला आवडेल. जी उत्तरं आली त्यांत चार जणांनी एकच नाव लिहून पाठवलं, हायड्रोजन पेरॉक्साइड. गंमत अशी की चौघांचे प्रश्न चार दिशांचे. एका वहिनींना केसांना घरीच रंग लावायचा आहे. एका गृहस्थांना कानातला मळ काढायचा आहे. एकीच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर वरणाची वाटी उपडी झाली, तिला हळदीचा डाग घालवायचा आहे. चौथा प्रश्न जरा गंभीर आहे, त्याच्याकडे सावकाश येतो. चौघांच्या मनात वस्तू एकच असली तरी दुकानातून आणायच्या बाटल्या मात्र निरनिराळ्या, आणि एकीच्या जागी दुसरी वापरली तर काम तर होणार नाहीच, वर डॉक्टरची पायरी चढावी लागेल. सगळा फरक लेबलावरच्या त्या छोट्याशा आकड्याचा आहे. म्हणून आज त्या आकड्याबद्दलच बोलू.

आधी थोडं शाळेतलं रसायनशास्त्र. पाणी म्हणजे एच-टू-ओ. त्यात ऑक्सिजनचा आणखी एक अणू घुसवला की एच-टू-ओ-टू, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. हा जास्तीचा ऑक्सिजन तिथे फारसा सुखाने नांदत नाही. संधी मिळाली की सुटतो, आणि मागे साधं पाणी उरतं. या एका गुणावर याचे सगळे उपयोग उभे आहेत आणि सगळे धोकेही. लुई थेनार नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८१८ साली बेरियम पेरॉक्साइडवर आम्लाची क्रिया करून ते पहिल्यांदा तयार केलं, आणि नाव काय दिलं तर 'ऑक्सिजनयुक्त पाणी'. नाव ऐकायला इतकं आरोग्यदायी वाटतं की दोनशे वर्षांनंतरही लोक त्याला भुलतात.

आता आकडा. बाटलीवर कधी 'टक्के' लिहिलेले असतात, कधी 'व्हॉल्यूम', कधी दोन्ही. टक्के सोपे आहेत. व्हॉल्यूमचा अर्थ असा की त्या द्रावणातला जादा ऑक्सिजन पूर्ण मोकळा केला तर द्रावणाच्या किती पट वायू निघेल. '१० व्हॉल्यूम' म्हणजे एक लिटर द्रावणातून दहा लिटर ऑक्सिजन. हे आपल्यालाही पडताळता येतं. ३ टक्क्यांच्या एका लिटरमध्ये ३० ग्रॅम पेरॉक्साइड. त्याचा रेणुभार ३४, म्हणजे ०.८८ मोल. दोन रेणूंमागे ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो, म्हणजे ०.४४ मोल. त्याला २२.४ ने गुणा, उत्तर साधारण ९.९ लिटर येईल. अकरावीचं गणित इतक्या वर्षांनी उपयोगी पडलं! तेव्हा लक्षात ठेवायला सोपं : ३ टक्के म्हणजे १० व्हॉल्यूम, ६ टक्के म्हणजे २०, ९ म्हणजे ३० आणि १२ म्हणजे ४०.

हे पाठ असण्याची आपल्याला खास गरज आहे, कारण भारतातली औषधाच्या दुकानातली बाटली आणि इथली बाटली एकसारखी नसते. भारतीय औषधकोशाप्रमाणे मिळणारं नेहमीचं द्रावण २० व्हॉल्यूमचं, म्हणजे साधारण ६ टक्क्यांचं असतं. इथल्या फार्मसीत ३ टक्क्यांची बाटलीही असते आणि ६ टक्क्यांचीही, बऱ्याचदा एकाच फळीवर शेजारी शेजारी. आईने पुण्याहून फोनवर "निम्मं पाणी घालून गुळण्या कर" असं सांगितलं, तर ते तिच्या बाटलीबद्दल असतं. उलट इथल्या ३ टक्केवाल्या बाटलीची सवय झालेल्या माणसाने भारतात गेल्यावर तीच मात्रा घेतली तर तोंड सोलवटतं. बाटली ओळखीची वाटली तरी आकडा वाचायचा.

ऑस्ट्रेलियात या वस्तूवर विषांच्या वर्गवारीचा कायदा लागू आहे. ३ टक्क्यांपर्यंतची साधी बाटली त्या वर्गवारीबाहेर आहे. त्याच्या वर ६ टक्क्यांपर्यंत 'शेड्यूल ५', लेबलावर ठळक अक्षरांत 'कॉशन'. ६ टक्क्यांच्या वर 'शेड्यूल ६', आणि तिथे शब्द बदलून 'पॉइझन' होतो. केसांच्या रंगाला यात सवलत आहे, तिथे १२ टक्क्यांपर्यंत चालतं. दात पांढरे करण्याच्या बाबतीत मात्र कायदा कडक : ६ टक्क्यांच्या वरचं पेरॉक्साइड असलेलं द्रव्य दंतवैद्याशिवाय कुणी पुरवू शकत नाही. बाजारात 'कार्बामाइड पेरॉक्साइड' नावाने जे जेल मिळतं तेही हेच. त्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं पेरॉक्साइड धरायचं. त्यामुळे १८ टक्के कार्बामाइड म्हणजे जवळपास ६ टक्के पेरॉक्साइड. मॉलच्या मधल्या चौकात खुर्ची टाकून दात चमकवून देणारे दिसले तर हा हिशोब आठवा.

३ टक्क्यांच्या बाटलीपासून सुरुवात करू, कारण तिच्याशी आपलं बालपण जोडलेलं आहे. गुडघा फुटला की दवाखान्यात कंपाउंडर कापसाच्या बोळ्याने ते द्रावण लावायचा, पांढरा फेस यायचा आणि आपल्याला वाटायचं की जंतू मरताहेत. फेसाचं कारण निराळं आहे. आपल्या रक्तात आणि पेशींत कॅटलेज नावाचं विकर असतं, ते पेरॉक्साइडचं क्षणात पाणी आणि ऑक्सिजन करतं. कापलेल्या बटाट्याच्या फोडीवर दोन थेंब टाकून पाहा, तसाच फेस येईल, आणि बटाट्याला काही जखम पिकलेली नसते! मुलांना दाखवायला छान प्रयोग आहे. जंतू काही प्रमाणात मरतात हे खरं, पण नवी त्वचा तयार करणाऱ्या पेशीही त्यात दुखावतात. म्हणून आता साध्या जखमेला रोज पेरॉक्साइड लावत नाहीत. नळाच्या वाहत्या पाण्याखाली किंवा सलाइनने स्वच्छ धुवून झाकून ठेवतात. कंपाउंडरकाकांचा काही दोष नाही, तेव्हा तीच रीत होती.

कानाचं विचारणाऱ्या गृहस्थांना : ३ टक्क्यांच्या द्रावणाने मळ मऊ होतो, डॉक्टर ते वापरतातही. पण पडद्याला छिद्र असेल, कान वाहत असेल किंवा पूर्वी कानाचं ऑपरेशन झालेलं असेल तर एक थेंबही नाही. आणि पडद्याला छिद्र आहे की नाही हे आपलं आपल्याला दिसत नाही. तेव्हा आधी एकदा जी.पी.ला कान दाखवून या.

याच ताकदीचं द्रावण कॉन्टॅक्ट लेन्स निर्जंतुक करायलाही मिळतं. त्याबरोबर खास डबी येते. डबीत प्लॅटिनमचा मुलामा दिलेली छोटी चकती असते, ती सहाएक तासांत पेरॉक्साइडचं पाणी करून टाकते आणि मगच लेन्स डोळ्यात घालायची. आपल्याकडे विद्यार्थी मुलं तीन-तीन, चार-चार जण मिळून घर घेऊन राहतात. न्हाणीघरातल्या एकाच फळीवर एकाची साधी सलाइन आणि दुसऱ्याची ही बाटली. ज्याने घाईत दुसऱ्याची बाटली उचलून थेट लेन्सवर ओतली आणि लेन्स डोळ्यात घातली, तो ते विसरणार नाही. अशा वेळी लेन्स काढून किमान १५ मिनिटं डोळा वाहत्या पाण्याने धुवायचा आणि मग दाखवायला जायचं.

आता केस. वहिनी, तुमच्या प्रश्नाला जरा जास्त जागा देतो, कारण यात आपल्या घरांचा एक खास पेच आहे. रंगाच्या खोक्यातल्या दोन बाटल्यांपैकी 'डेव्हलपर' म्हणतात ती पेरॉक्साइडची. दुसऱ्या बाटलीतला अमोनिया किंवा तत्सम द्रव्य केसाचं बाहेरचं आवरण सैल करतं, मग पेरॉक्साइड आत शिरून दोन कामं करतं. केसातला मूळ रंग फिका करतं आणि नव्या रंगाचे बारीक रेणू एकमेकांना जोडून आत अडकवतं. पांढरे केस झाकायला साधारण २० व्हॉल्यूम पुरतं. ३० आणि ४० व्हॉल्यूम केस उजळ करण्यासाठी असतं. आपल्या काळ्या केसांना सोनेरी छटा आणायची हौस असेल तर घरी ४० व्हॉल्यूम चोपडू नका, टाळू भाजते आणि केस झाडूच्या काड्यांसारखे होतात.

पेच आहे तो मेंदीचा. निव्वळ मेंदीच्या पाल्याची पूड असेल तर फारसं बिघडत नाही, फक्त रंग कसा येईल याचा भरवसा नसतो. पण पुड्यांतून मिळणाऱ्या काही मेंद्यांमध्ये आणि हळूहळू काळे करणाऱ्या काही तेलांमध्ये धातूंचे क्षार असतात. असा केस पेरॉक्साइडखाली आला की ऑक्सिजन एकदम सुटायला लागतो, केस गरम होतात, वास येतो, तुटूही शकतात. सलूनमधली मुलगी विचारते, "केसांना काही लावलंय का?" आपण सांगतो, "काही नाही, फक्त हेना," आणि ती बिचारी मान डोलावते. तिला पुडीवर छापलेली घटकांची यादी दाखवा, आणि चार कापलेले केस आधी द्रावणात बुडवून बघायला सांगा. 'काळी मेंदी' म्हणून जी मिळते तिच्यात तर बहुधा मेंदीपेक्षा पीपीडी हा रंगच काम करतो, आणि त्याची अॅलर्जी चेहरा सुजवू शकते. कानामागे थोडं लावून ४८ तास थांबा, मग डोक्याला. लग्नसराईच्या आधी चेहऱ्याला 'ब्लीच' करतात तेही पेरॉक्साइडच. ते लग्नाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा करून बघू नये एवढंच सांगतो.

हळदीचा डाग! इथे बाटलीच आणू नका. सुपरमार्केटात 'नॅपीसॅन' किंवा तसल्या नावाने जी पूड मिळते तिच्यात सोडियम परकार्बोनेट असतं. ऑस्ट्रेलियन आया पूर्वी बाळाचे लंगोट भिजवायला ही पूड वापरायच्या, नावही त्यावरूनच पडलं. शुद्ध परकार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा आणि पेरॉक्साइड यांची घट्ट मैत्री. वजनाने जवळजवळ तिसरा हिस्सा पेरॉक्साइडच. ते कोरडं असताना शांत असतं, पाण्यात पडलं की सुटं होतं. साध्या पुडीला ४० अंशांच्या वरचं कोमट-गरम पाणी लागतं, थंड पाण्यात ती नुसती बसून राहते. घाबरू नका, पण त्या पाण्यात बुडवल्याबरोबर पिवळा डाग लालभडक होईल. सोड्याच्या अल्कलीने हळद लाल होते. आपलं कुंकू असंच हळदीवर चुन्याची क्रिया करून बनतं, हे आजीला विचारा. तासाभराने धुवून उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात उडतोच, आणि इथल्या उन्हाला त्या बाबतीत तोड नाही. मात्र रेशीम आणि लोकर यांपासून ही पूड लांब. पैठणीवर आमटी सांडली तर तो ड्रायक्लीनरचा विषय, नॅपीसॅनचा नाही.

रक्ताचा डाग असेल तर गार पाण्याने धुवून ३ टक्क्यांचं द्रावण पांढऱ्या सुती कपड्यावर चालतं. रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून बघा.

इथे थोडं विषयांतर करतो. माझी पहिली नोकरी भिवंडीच्या एका प्रोसेस हाउसमध्ये होती. कोरं कापड पिवळट असतं, ते पांढरं करायला कॉस्टिक आणि सिलिकेट घालून, पाणी उकळीच्या जवळ नेऊन पेरॉक्साइड सोडायचं. ड्रम ५० टक्क्यांचे यायचे. जुन्या ब्लीचिंग पावडरीपेक्षा याने धागा कमी दुखावतो आणि कापड पुन्हा पिवळं पडत नाही, म्हणून गिरण्या याच्यावर आल्या. आपल्याच कल्याणजवळ मोहोने भागात वाडिया समूहाच्या नॅशनल पेरॉक्साइड कंपनीचा कारखाना आहे. कंपनी १९५४ सालची. गिरणगावच्या गिरण्या, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूरचे टॉवेल, एवढं गिऱ्हाईक दाराशी असताना कारखाना तिथे उभा राहिला यात नवल नाही. जिगरवर काम करणारे जुने मुकादम एकाच गोष्टीला भ्यायचे, लोखंडाला. कापडाला गंजाचा बारीकसा कण जरी चिकटला असेल तरी त्या जागी पेरॉक्साइड भराभर फुटतं आणि धुऊन आल्यावर तिथे टाचणीएवढं भोक सापडतं. आणि ५० टक्क्यांच्या ड्रमचा शिंतोडा बोटावर पडला तर कातडी चुन्यासारखी पांढरी होते आणि मुंग्या चावल्यासारखं चुरचुरतं. कातडीच्या आत ऑक्सिजनचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात. लगेच धुतलं तर काही तासांत रंग परत येतो. तेव्हा आमच्या मुकादमांनी दाखवलेलं पांढरं बोट अजून डोळ्यांसमोर आहे, कारण चौथा प्रश्न वाचताना मला तेच आठवलं.

चौथा प्रश्न असा. एका वाचक भगिनीचे सासरे सहा महिन्यांसाठी भारतातून आले आहेत. गुडघे दुखतात. कुणीतरी त्यांना सांगितलं की 'फूड ग्रेड' पेरॉक्साइडचे थेंब पाण्यातून घेतले की शरीराला ऑक्सिजन मिळतो, सांधे मोकळे होतात, अगदी कॅन्सरही बरा होतो. त्यांनी ३५ टक्क्यांची बाटली मागवली, रोज सकाळी पेल्यात थेंब मोजून घेतात, दर आठवड्याला थेंब वाढवतात. बाटली फ्रिजमध्ये असते. घरात पाच वर्षांची नात आहे. भगिनी लिहितात, "मी बोलले तर सुनेने अपमान केला असं होईल. तुम्ही लिहा, मी अंक चहाच्या टेबलावर ठेवीन."

तेव्हा आजोबा, हे तुमच्यासाठी, आदरपूर्वक.

'फूड ग्रेड' या शब्दाने तुमची फसगत झाली आहे, आणि त्यात नवल नाही. औद्योगिक पेरॉक्साइड टिकावं म्हणून त्यात कथिलाचे क्षार, फॉस्फेट असली स्थिरीकारक द्रव्यं घालतात. अन्नाच्या कारखान्यात ती नको असतात, म्हणून त्यांचं प्रमाण अगदी कमी ठेवलेला, शुद्धतेचे नियम पाळलेला प्रकार म्हणजे फूड ग्रेड. तो खाण्यासाठी नसून अन्नाच्या यंत्रांसाठी आणि वेष्टणांसाठी असतो. घरी लाँग-लाइफ दुधाचा जो चौकोनी डबा येतो, त्याचा कागद भरण्याआधी साधारण ३५ टक्क्यांच्या गरम पेरॉक्साइडमधून काढतात आणि मग गरम हवेने पूर्ण वाळवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८१ साली या पद्धतीला परवानगी दिली, आणि तिथल्या नियमाप्रमाणे डब्यात दहा लाख भागांत अर्ध्या भागापेक्षा जास्त अंश उरता कामा नये. म्हणजे जी वस्तू एवढीशी उरलेलीही चालत नाही, ती आपण पेल्यात मोजून घालतो आहोत. त्याच प्रशासनाने जुलै २००६ मध्ये लोकांना स्पष्ट बजावलं की ३५ टक्के पेरॉक्साइड औषध म्हणून घेऊ नका, त्याने जीव जाऊ शकतो. भारतात दुधात पेरॉक्साइड घालणं ही भेसळ समजतात, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक असेल. वर्तमानपत्रात त्याच्या धाडींच्या बातम्या आपण वाचल्या आहेत.

थेंब पातळ करून घेतले तरी ऑक्सिजन सांध्यांत पोचत नाही. मघाचं कॅटलेज आठवा, ते पोटातच त्याचा फेस करतं. शरीराला ऑक्सिजन फुप्फुसांतून मिळतो. गुडघ्यांचं दुखणं खरं आहे, त्यावर फिजिओथेरपी आहे, व्यायाम आहे, औषधं आहेत, आणि बरोबर आणलेल्या विम्यात बहुधा निदान एक डॉक्टरभेट बसते.

पण मला काळजी थेंबांपेक्षा बाटलीची आहे. ३५ टक्के म्हणजे जवळपास १३० व्हॉल्यूम. इथला टेबलस्पून २० मिलिलिटरचा असतो, भारतातल्या किंवा अमेरिकेतल्या १५ चा नव्हे. नातीने फ्रिज उघडून पाणी समजून एक घोट घेतला, एक टेबलस्पूनभर धरा, तर पोटात अडीच लिटरच्या वर वायू काही मिनिटांत तयार होतो. आधी तोंड, अन्ननलिका, जठर भाजतं. मग तो वायू रक्तात घुसतो आणि बुडबुडे हृदयात किंवा मेंदूत जाऊन रक्तप्रवाह अडवतात, त्यातून झटका येतो, पक्षाघात होतो. मोठ्या माणसांचंही असं झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि बहुतेकांनी पाणी समजूनच घोट घेतला होता. हे द्रावण पाण्यासारखं दिसतं, त्याला फारसा वासही नसतो. उपचारासाठी पाणबुड्यांना ठेवतात तसल्या जास्त दाबाच्या खोलीत ठेवावं लागतं, आणि अशी खोली प्रत्येक गावात नसते. पाहुणे म्हणून आलेल्या आपल्या आई-वडिलांना मेडिकेअर नसतं, हे जाता जाता.

आणखी एक फॅड करोनाच्या साथीत निघालं, पेरॉक्साइड नेब्युलायझरमधून हुंगायचं. अमेरिकेतल्या दमा आणि अॅलर्जीच्या संस्थेला २०२१ मध्ये त्याविरुद्ध पत्रक काढावं लागलं. फुप्फुसांच्या आत ब्लीच, दुसरं काही नाही.

अशी बाटली घरात असेल तर ती दुसऱ्या बाटलीत ओतू नका, सिंकमध्येही ओतू नका. तिच्या मूळ बाटलीत, मूळ झाकणासह, उभी ठेवून कौन्सिलच्या घातक रसायनांच्या संकलनाला नेऊन द्या. झाकणाला बहुधा वायू जायला बारीक वाट ठेवलेली असते, ते बदलून घट्ट झाकण लावलं तर बाटली फुगते आणि फुटते. जुन्या टॉवेलने पुसून तो टॉवेल कोपऱ्यात टाकू नका, कापड आणि कागद पेटू शकतात. म्हणूनच वाहतुकीत ८ टक्क्यांच्या वरचं पेरॉक्साइड ऑक्सिडायझर म्हणून धोकादायक मालात धरतात आणि त्यावर पिवळा चौकोन लागतो. विमानाच्या सामानात ते कधीच नेऊ नये. कुणी गिळलंच तर उलटी करवू नका. पॉइझन्स इन्फर्मेशन सेंटर, १३ ११ २६, दिवसरात्र, कुठल्याही राज्यातून. श्वासाला त्रास, झटका, बेशुद्धी असेल तर सरळ ट्रिपल झीरो. हा नंबर कापून फ्रिजवर लावा.

ताकदीची शिडी इथेच संपत नाही. संगणकाच्या चिप बनवताना ३० टक्क्यांचं इतकं शुद्ध पेरॉक्साइड लागतं की त्यातली धातूंची अशुद्धी अब्जांशात मोजतात. आणि ८५ टक्क्यांचं पेरॉक्साइड आपल्या या देशातून आकाशात गेलं आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वूमेरा इथून २८ ऑक्टोबर १९७१ रोजी ब्रिटनने 'ब्लॅक अॅरो' हे रॉकेट सोडलं. त्याच्या इंजिनात चांदीचा मुलामा दिलेल्या जाळीवरून तीव्र पेरॉक्साइड सोडत. जाळीला लागताच त्याची धगधगती वाफ आणि ऑक्सिजन व्हायचा, त्यात केरोसीन फवारलं की काडी न लावता पेटायचं. म्हणजे लेन्सच्या डबीतली ती प्लॅटिनमची चकती जे काम करते तेच, फक्त भडक्याने. त्या रॉकेटने 'प्रॉस्पेरो' हा उपग्रह कक्षेत नेला, तो अजून फिरतो आहे. ब्रिटिश सरकारने मात्र उड्डाणाच्या आधीच हा कार्यक्रम बंद करायचं जाहीर करून टाकलं होतं! रॉकेटचा पहिला टप्पा दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात कित्येक दशकं पडून होता, २०१९ साली तो ब्रिटनमध्ये परत पोचला. आपले राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी ज्या सोयुझ रॉकेटने वर गेले, त्याचे इंधनपंपही तीव्र पेरॉक्साइडच्या वाफेवर फिरतात. आणि १२ ऑगस्ट २००० रोजी रशियाची कुर्स्क पाणबुडी ११८ माणसांसह बुडाली, तीही एका पाणतीरातून हेच गळल्यामुळे.

राहता राहिलं साठवणीचं. ३ टक्क्यांची बाटली उजेडापासून दूर, गार जागी, आणि बाहेर ओतलेलं पुन्हा आत कधी नाही, कारण धुळीचा कणही ते फोडायला पुरतो. उघडल्यावर काही महिन्यांत ते हळूहळू पाणी होत जातं. बटाट्याच्या फोडीवर फेस येईनासा झाला की बाटली रिकामी करा. व्हिनेगरबरोबर एका बाटलीत मिसळू नका, त्यातून झोंबणारं पेरासिटिक आम्ल तयार होतं. क्लोरीनच्या ब्लीचबरोबर तर मुळीच नको.

टेबलक्लॉथचं काय झालं ते कळवा. पुढच्या अंकात कॅरमच्या बोरिक पावडरबद्दल. ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी ग्रंथालयाच्या टेबलावरच्या वहीत लिहून ठेवावं, आणि कृपया अक्षर वाचता येईल असं काढावं.